सुरुंग कोणी खणले?

वसईचा किल्ला बघून आलो त्याला पंधरा दिवस झाले. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात कुरतडतोय, म्हणून हे लिहितो आहे. आपण पुस्तकावर टीका लिहितो, नाटकावर लिहितो, कवितेवर तर एकमेकांची डोकी फुटेस्तोवर लिहितो. किल्ल्यावर कोणी टीका लिहीत नाही. किल्ला म्हणजे चपला काढून नमस्कार करायची वस्तू. माझं म्हणणं एवढंच की किल्ला, त्यातली पाटी, तोफ, पुतळा, कबरीवरची अक्षरं, आणि किल्ल्यात जे जे मांडून ठेवलंय ते सगळं संग्रहालय, हा एक मजकूर आहे. तो कोणीतरी लिहिलाय आणि कोणाला तरी गाळून लिहिलाय. तेव्हा प्रस्थापितांची कादंबरी आपण ज्या संशयानं वाचतो त्याच संशयानं तो वाचला पाहिजे.

मोखाड्याहून आम्ही सातजण निघालो. चौघं बौद्धवाडीतले, दोन वारली पोरं आणि एक कातकरी. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, मग हायवे. एसटीत आम्ही गाणी म्हणत होतो, कातकरी पोरगा मात्र खिडकीतून बाहेर बघत एकेक वळण सांगत होता. पुढे चढ आहे, पुढे नाका आहे, तिथं चहा मिळतो. मी म्हटलं, तुला बरा रस्ता पाठ. तर म्हणाला, "दादा, दिवाळी झाली का आम्ही याच रस्त्यानं जातो. ट्रकात. वीटभट्टीवर."

म्हणजे आमच्यात वसईला खरा जाणता तो एकटाच. आम्ही इतिहास बघायला चाललो होतो, आणि तो दरवर्षी त्या इतिहासाच्या पायथ्याशी माती तुडवत होता. ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. कार्यकर्त्याच्या ध्यानात गोष्टी उशिरा येतात, हा आपला जुना रोग आहे.

किल्ल्यात शिरल्यावर जे दिसतं ते दिसायला भव्यच आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. पुढची दोनशे वर्षं त्यांनी इथं तट बांधले, बुरूज बांधले, चर्च बांधली, वाडे बांधले. एकीकडे खाडी, एकीकडे समुद्र. दहा बुरूज, त्यातल्या पुष्कळांना संतांची नावं. आत चर्चच्या फरशीत कबरीचे दगड आहेत, त्यावर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. ऊन-पावसानं झिजली, पण अजून बोटानं चाचपता येतात. मग १७३७ ला पेशव्यांची मोहीम सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पाने किल्ला घेतला. त्याचा पुतळा आहे. गावोगावच्या शाळेच्या सहली येतात, गुरुजी पोरांना रांगेत उभं करून सांगतात, अप्पांनी किल्ला घेतला.

आमच्यापुढे असाच एक माहितगार माणूस लोकांना गोष्ट सांगत होता. आम्हीही मागं उभे राहिलो. माणूस मन लावून सांगत होता. वेढा, मोर्चे, शिड्या, तटाखाली लावलेले सुरुंग. एक सुरुंग उडाला, तटाला भगदाड पडलं, माणसं आत घुसली, आणि मागाहून दुसरा उडाला तो आपल्याच माणसांवर. दगडमातीखाली गाडली गेली. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आमचा कातकरी पोरगा म्हणाला, "सुरुंग कोणी खणले?"

माहितगार थांबला. म्हणाला, "फौजेनं."

"फौजेत खणणारे कोण?"

"अरे, मावळे. सगळे आपलेच."

लोक हसले. गोष्ट पुढे गेली. पोरगा गप्प झाला. पण मित्रांनो, त्या दिवशी किल्ल्यात विचारला गेलेला समीक्षेचा प्रश्न तेवढा एकच होता, आणि तो विचारणाऱ्याने समीक्षेचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. त्याने तो विचारला कारण त्याला खणणं ठाऊक आहे. माती किती टणक असते, हाताला फोड कुठं येतात, खड्ड्यात उतरलेल्या माणसाला वरचं आभाळ केवढं दिसतं, हे ज्याला ठाऊक, त्यालाच सुरुंग म्हटल्यावर खणणारा आठवतो. आपल्याला आठवतो घोड्यावरचा.

"सगळे आपलेच" हे उत्तर नीट तपासून बघा. मोहिमेत मल्हारराव होळकर होता, राणोजी शिंदे होता, अंजूरचा गंगाजी नाईक होता, हे सांगताना कोणी "सगळे आपलेच" म्हणत नाही. तिथं नाव, आडनाव, वतन, गाव सगळं येतं. हजारोंनी माणसं कामी आली त्यांच्याजवळ आलं की मात्र "सगळे आपलेच". आपलेपणा फक्त बिननावाच्या माणसांच्या वाट्याला. जिवंतपणी गावकुसाबाहेर आणि मेल्यावर एकदम आपले!

मराठ्यांच्या डोंगरी किल्ल्यांवरची व्यवस्था कशी होती ते इतिहासाच्या पुस्तकांतच आहे. गडावर हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. आणि तटाबाहेर, गडाच्या घेऱ्यात, रानात, पावसापाण्यात पहाऱ्याला महार, मांग, रामोशी, कोळी, बेरड. शत्रू पहिल्यांदा ज्याच्या अंगावर येणार तो बाहेर. गाव जसं रचलं तसाच गड रचला. आज आपण गड बघायला जातो तेव्हा तटाच्या आतलं बघतो. बालेकिल्ला, सदर, राणीवसा, धान्याचं कोठार. घेऱ्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही, कारण झोपडी दोनशे वर्षं टिकत नाही. दगड ज्याचा त्याचा इतिहास, आणि कुडाची भिंत ज्याची त्याचं जंगल.

पूर्वी एकदा संघटनेच्या कामाने चेन्नईला गेलो होतो. तिथं समुद्रालगत इंग्रजांचा सेंट जॉर्ज किल्ला आहे, आणि त्या किल्ल्यात छप्पर असलेलं, तिकीट काढून बघायचं लष्करी इतिहासाचं संग्रहालय आहे. इमारत १७९५ ची, संग्रहालय १९४८ पासूनचं. आत तलवारी, बंदुका, पिस्तुलं, गणवेश, बिल्ले. कॉर्नवॉलिसचा थोरला संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्यावर टिपूची दोन लहान मुलं ओलीस म्हणून ताब्यात देतानाचा देखावा कोरलाय. १७९२ ची गोष्ट. देश स्वतंत्र झाला, संग्रहालय आपलं झालं, पण पोरं अजून चौथऱ्यावर ओलीसच.

तिथं मला सगळ्यात चरचरीत आठवतो तो एक लाकडी पिंजरा. पहिल्या अफूच्या युद्धात, १८४० साली, अँस्ट्रदर नावाच्या मद्रास तोफखान्याच्या कप्तानाला चिनी लोकांनी पकडलं आणि त्या पिंजऱ्यात कोंडलं. माणूस धड उभा राहू शकणार नाही एवढासा पिंजरा. बघून जीव गलबलतो. त्या कप्तानाचं नाव मला इतक्या वर्षांनीही पाठ आहे, हीच संग्रहालयाची ताकद. पण त्याच युद्धात मद्रासचे देशी शिपाई गेले होते, मद्रासचे सॅपर गेले होते. सॅपर म्हणजे कोण? खंदक खणणारा, सुरुंग लावणारा. आणि मद्रासच्या सॅपरमध्ये परैयार मोठ्या संख्येनं होते. ज्यांच्या जातीच्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृताला शब्द मिळाला तेच हे लोक. इंग्रजाने चीनला अफू विकावी म्हणून त्यांना समुद्रापार नेलं. त्यांच्यातल्या एकाचं नाव मला तिथून घेऊन येता आलं नाही. कप्तानाचा पिंजरा काचेआड जपला, सॅपरची कुदळ गंजून गेली.

वसईला त्या पोराने विचारलं तेव्हा मला हा पिंजरा आठवला. वसईचे सुरुंग अमक्या जातीने खणले असा दाखला माझ्यापाशी नाही, आणि दाखल्यावाचून मी बोलणार नाही. ते काम आपण बखरकारांना देऊन टाकलंय. पण खणणारा कोण हा प्रश्न जिथं जिथं विचारला गेला तिथं तिथं उत्तर वरच्या आळीतून आलेलं नाही, एवढं चेन्नईवरून कळतं.

आता आपल्या घरचं बघू. जव्हार हे संस्थान. मुकण्यांचं घराणं, १३४३ पासूनची राजवट सांगतात. इंग्रजांच्या यादीत नऊ तोफांच्या सलामीचं संस्थान. जव्हारजवळ शिरपामाळ आहे. १६६४ साली सुरतेला जाताना शिवाजीराजे तिथं थांबले, जव्हारच्या विक्रमशहाने त्यांचं स्वागत केलं, शिरपेच दिला, म्हणून शिरपामाळ, असं आमच्याकडे लहान पोरगंही सांगतं. तिथं स्मारक आहे, झेंडा आहे. पण १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी फौज आणून जव्हार घेतलं आणि तोच विक्रमशहा परागंदा झाला, ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही. त्याची पाटी मी कुठं पाहिली नाही. शिरपेच सांगायचा आणि स्वारी गाळायची. आदिवासी राजा पाहुणचार करताना चालतो, हरताना दिसला की गोष्ट बिघडते.

यावर कोणी उठून म्हणेल, हे शिवाजीराजांवर बोलतात. अजिबात नाही. १८६९ साली जोतीरावांनी राजांवर पवाडा रचला तेव्हापासून आपण राजांना रयतेच्या बाजूने वाचत आलोत. आपलं भांडण राजांशी नाही. जे राजांच्या नावाने पाटी लिहितात आणि रयतेची ओळ खोडतात त्यांच्याशी आहे.

आणि जव्हारच्या आदिवासी राजवटीबद्दलही भाबडेपणा नको. राजवाड्यावर नऊ तोफांचा मान होता, पण पाड्यावरच्या वारल्याच्या आणि वाडीतल्या महाराच्या पाठीवर वेठच होती. माझा आजा तराळ होता. अंमलदार आला की त्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत धावायचं, तिथं पुढचा तराळ उभा. आजा म्हणायचा, "गाठोड्यात काय असायचं ते कधी कळलं न्हाई, वजन तेवढं कळायचं." किल्ल्यांच्या सगळ्या इतिहासावर याहून नेमकी टीका मी कुठं वाचलेली नाही.

संध्याकाळी आम्ही तटावर बसलो. भरती होती. मच्छीमारांच्या बोटी खाडीत शिरत होत्या. आमच्यातला सगळ्यात तापट पोरगा म्हणाला, "दादा, हे सगळं रडगाणं सोडा. आपलंपण लष्करी संग्रहालय उभं करू. कोरेगावची लढाई, महार रेजिमेंट, तलवारी, बंदुका. त्यांची छाती फुगते तर आपली का नको?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात तो आहे. म्हणून माझं उत्तर इथं सविस्तर लिहितो. पटलं नाही तर भांडा.

कोरेगावच्या स्तंभापुढे मी मान झुकवतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथं कोरलीत, आणि त्यात २२ नावं शेवटी 'नाक' असलेली आहेत. वसईच्या फरशीवर पोर्तुगीज सरदारांची नावं, चेन्नईत कप्तानाचं नाव, आणि या एका दगडावर आपल्या आज्या-पणज्यांची. आपल्या हातून पाणीसुद्धा न घेणाऱ्या देशात आपलं नाव दगडावर! त्याचं मोल मला कळतं.

पण दगड कोणी कोरला? कंपनी सरकारने. कशासाठी? पुढची भरती व्हावी म्हणून. प्रेमापोटी नाही. ज्यांनी नावं कोरली त्यांनीच पुढे लढाऊ जातींचं शास्त्र काढलं आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. नाव दगडावर राहिलं, माणूस हजेरीपटावरून गेला. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. स्वतः पेन्शनीत निघालेला लष्करी माणूस, कोकणातला. त्या अर्जात त्यांना सांगावं लागलं की आम्ही मूळचे क्षत्रिय. बघा, भाकरीसाठी अर्ज, आणि त्यात क्षत्रियत्वाचा दाखला जोडावा लागतो! लष्कराच्या दाराशीसुद्धा मनूचा कारकून बसलेला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडली. पुढे १९४१ साली, बाबासाहेबांच्या खटपटीनंतर, महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला, खंजीर आला. म्हणजे लढायला पाहिजे तेव्हा शूर, काम सरलं की अस्पृश्य, आणि बिल्ला कोणता लावायचा ते ठरवणार दुसराच.

हा इतिहास आपण संग्रहालयात मांडणार असू तर तो अख्खा मांडला पाहिजे. नुसती तलवार मांडली तर आपण त्यांच्याच मजकुराची नक्कल केली. घोड्यावरचा माणूस बदलला, खणणारा पुन्हा खड्ड्यात. आज बौद्धवाडीतला घोडेस्वार येईल, आणि कातकऱ्याचं पोर मागं उभं राहून पुन्हा तेच विचारेल. तेव्हा आपण काय सांगणार? "सगळे आपलेच"?

बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर गेले. स्तंभ ते तळं, मध्ये अडीच महिने. स्तंभापाशी त्यांनी आठवण करून दिली, आणि तळ्यापाशी ओंजळ भरली. आठवण ओंजळीपर्यंत पोचली म्हणून तिची चळवळ झाली. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला जायचं होतं तेव्हा ते मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि दासगावच्या बंदरावर उतरले. वसईसारखं तटाबुरुजाचं वैभव नसलेलं खाडीवरचं साधं बंदर. तिथून सत्याग्रही पायी महाडकडे गेले, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक आरमारं उतरली, पण आपला इतिहास ज्या बोटीतून उतरला ती ही. तिच्यात तोफ नव्हती.

म्हणून त्या तापट पोराला मी म्हटलं, संग्रहालय जरूर करू. पण त्यात पहिल्या काचेत तलवार नको. पहिल्या काचेत आजाचं ते गाठोडं ठेवू, वजन लिहून. शेजारी वलंगकरांच्या अर्जाची प्रत. मग कुदळ. मग याच्या बापाचा विटांचा साचा, आणि दिवाळीआधी घेतलेला बयाणा, आठवड्याची खावटी आणि हंगामाअखेर उरलेलं देणं यांचा हिशेब. आणि एक काच रिकामी ठेवू, वावर-वांगणीत १९९२-९३ ला कुपोषणाने गेलेल्या पोरांसाठी. कोणी विचारेल, हे लष्करी संग्रहालयात कशाला? तर सांगू, ही पोरंही एका वेढ्यातच मेली. फक्त वेढा कोणी घातला होता त्याची पाटी नाही.

तापट पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, पण तलवार एक तरी ठेवू." आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, ठेव, पण ती घडवणाऱ्या लोहाराच्या भात्याशेजारी. त्यावर तडजोड झाली.

तेव्हा तुम्ही आता कुठल्याही किल्ल्यात, कुठल्याही संग्रहालयात जाल तर हात जोडण्याआधी तीन गोष्टी विचारा. ही पाटी कोणी लिहिली? हिच्यातून कोणाचे हात गाळले? आणि इथून बाहेर पडल्यावर मी काय करावं अशी हिची इच्छा आहे? तिसरा प्रश्न विसरू नका. काही पाट्या तुम्हाला शेजाऱ्याच्या अंगावर घालायला लिहिलेल्या असतात. वसईच्या चर्चची पडकी भिंत बघून आमच्यातलाच एकजण म्हणाला, यांना बरं घालवलं. मी त्याला विचारलं, कोणाला? आज वसईत मासे मारणारा, वाडीत केळी लावणारा ख्रिस्ती माणूस इथलाच भूमिपुत्र. तो कोणता पोर्तुगीज? किल्ल्यातून बाहेर पडताना हातात शत्रू घेऊन निघालास, म्हणजे पाटीने आपलं काम तुझ्याकडून करून घेतलं.

परतीच्या एसटीत जव्हारचा घाट चढताना अंधार झाला. कातकरी पोरगा वहीत काहीतरी लिहीत होता. अक्षर लहान, गाडीच्या हिसक्यांनी वाकडंतिकडं. उतरताना पान फाडून त्याने माझ्या हातात दिलं. वसईच्या किल्ल्यासाठी पाटी लिहिली होती. शुद्धलेखन तेवढं सुधारून देतो:

"इथे ज्यांनी खणलं त्यांची नावं लिहिलेली नाहीत. कोणाला माहीत असतील तर सांगा."

पुढच्या रविवारपासून आम्ही मोखाडा आणि जव्हारच्या पाड्या-वाड्यांत फिरणार आहोत. ज्यांनी वेठ केली, ज्यांनी भट्ट्या थापल्या, ज्यांनी धरणं आणि रस्ते खणले, त्या म्हाताऱ्या माणसांकडून नावं उतरवून घेणार आहोत. तीनशे वर्षांपूर्वीचे खणणारे आता सापडायचे नाहीत, पण तीस वर्षांपूर्वीचे अजून ओसरीवर बसलेत, आणि त्यांना कोणी विचारायला गेलेलं नाही. ज्यांना यायचं त्यांनी मोखाड्याच्या एसटी स्टँडवर सकाळी सातला यावं. सोबत वही आणावी, भाकरी बांधून आणावी. गोळा होतील ती नावं पुढच्या अंकात छापू. स्टेन्सिल कमी पडल्या तर माझा लेख कापा, नावं कापू नका.